मानधनावरची समानता

दोन जाहिराती शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, ‘जेंडर स्पेशालिस्ट’ या पदासाठी. समाजकार्य, अर्थशास्त्र किंवा स्त्री अभ्यासातली पदव्युत्तर पदवी, सात-आठ वर्षांचा अनुभव, इंग्रजीत अहवाल लिहिण्यावर पकड, सरकारी खात्यांशी समन्वय, प्रवासाची तयारी. ठिकाण दिल्ली नाहीतर मुंबई. दुसरी ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवलेली, बालविकास प्रकल्प कार्यालयाच्या शिक्क्याची, अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी. बारावी पास, वय १८ ते ३५, विधवा असल्यास ४० पर्यंत सवलत, दोनपेक्षा जास्त अपत्यं नकोत आणि उमेदवार त्याच गावची रहिवासी हवी. पहिलीत ‘वेतन अनुभवानुसार’ असं असतं. दुसरीत मानधन.

दोघी एकाच धोरणाचं काम करतात. मुलींचं शाळा सुटणं, कोवळ्या वयातलं लग्न आणि अंगातलं रक्त कमी असणं यांचा एकमेकांशी काय संबंध, हे पहिली कागदावर मांडते. दुसरी त्या मुलीच्या आईशी उंबऱ्यावर उभी राहून हुज्जत घालते, गरोदर बाईचं नाव नोंदवते, पोरांची वजनं घेते, रजिस्टरं भरते, तीच माहिती पुन्हा मोबाइलमध्ये भरते. पहिलीच्या वाटचालीला पायऱ्या आहेत: असोसिएट, ऑफिसर, मॅनेजर, लीड. दुसरी ज्या खुर्चीवर बसली त्याच खुर्चीवरून, बहुतेक वेळा, निवृत्त होते.

सामाजिक विकास आणि स्त्री-पुरुष समानतेच्या धोरणात करिअर करायचं ठरवून येणाऱ्या मुली (आणि आता थोडे मुलगेही) दिसतात, ही चांगली गोष्ट आहे. टाटा इन्स्टिट्यूट, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, विद्यापीठांतली स्त्री अभ्यास केंद्रं यांतून ती बाहेर पडतात. त्यांना सल्ले भरपूर मिळतात. डेटा शिक, पॉलिसी ब्रीफ लिहायला शिक, ओळखी वाढव, एखादी फेलोशिप पदरात पाडून घे. सल्ले चुकीचे नाहीत. पण ज्या धोरणाचा डोलारा तुटपुंज्या पैशांत राबणाऱ्या लाखो बायकांवर उभा आहे, ते धोरण स्वतःला समानतेचं म्हणवून घेताना थोडं तरी अडखळायला हवं, हे त्यांना कोणी सांगत नाही. या क्षेत्रात पोट भरणाऱ्याने आपल्या कामाचा पहिला विषय हाच धरावा, असं माझं म्हणणं आहे. बाकीचे विषय त्याच्यानंतर.

आपल्याकडे या कामाला स्वतंत्र क्षेत्राचं रूप आलं ते सत्तरच्या दशकात. १९७१मध्ये केंद्राने स्त्रियांच्या स्थितीविषयी समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या आणि १९७३मध्ये वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. मजुमदार मुळात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक, चाळिशी उलटल्यावर या कामात आल्या. १९७४च्या अखेरीस समितीचा अहवाल तयार झाला आणि त्याने सरकारसकट सगळ्यांची झोप उडवली. १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१मध्ये ९३० उरल्या होत्या. स्वातंत्र्य, राज्यघटना, मतदान, शिक्षण, सगळं होऊन आकडा खालीच आलेला. आपल्यासारख्या शिकलेल्या बायकांच्या समजुती या कामाने उलथवल्या, असं मजुमदारांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं. त्याच सुमारास मुंबईत एसएनडीटीमध्ये नीरा देसाईंनी स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं. १९७५मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ आलं. १९९४मध्ये महाराष्ट्राने देशातलं पहिलं राज्य महिला धोरण जाहीर केलं, त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क देणारी दुरुस्ती केली (केंद्राला त्यासाठी २००५ उजाडलं), २०११मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतलं आरक्षण ५० टक्क्यांवर गेलं. चौथं धोरण २०२४च्या मार्चमध्ये आलं आणि १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लागू लागलं.

ही कमाई थोडीथोडकी नाही, आणि हिच्यामागे प्राध्यापक, वकील, अधिकारी आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांची आयुष्यं गेली आहेत. पण याच पन्नास वर्षांत खालच्या बाजूला दुसरं काय घडत होतं, त्याची गोष्ट वेगळी सांगावी लागते.

अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात रुजवली. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, इतका साधा आणि इतका मोठा विचार. दोघींनी सगळं आयुष्य त्यात घातलं. एकीला पद्मभूषण मिळालं, दुसरीला पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, देशभरात ३३ ठिकाणी, आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव गेलं. नावाबरोबर त्यागाची अपेक्षाही गेली. ताराबाई आणि अनुताईंनी स्वतःच्या मर्जीने पत्करलेला साधेपणा सरकारने लाखो बायकांसाठी जणू वेतनश्रेणी म्हणून मंजूर करून टाकला. गावातलीच बाई, घरचं सांभाळून दोन-चार तास येईल, तिला पगार कशाला? हातखर्चाला दिलं की झालं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. केंद्राने सेविकेच्या मानधनाचा आपला दर ३००० रुपयांवरून ४५०० केला तो २०१८मध्ये. राज्यं त्यात आपली भर घालतात, कुठे बरी, कुठे नावापुरती.

कोर्टही बराच काळ हेच धरून चाललं. २००६मध्ये अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करत नाही. म्हणजे ती सरकारची योजना चालवते, सरकारी अधिकारी तिच्यावर देखरेख ठेवतो, सरकारी आदेशाने तिला काढता येतं, पण ती सरकारची कोणी नाही. मार्च २०१८मध्ये मात्र महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना मेस्मा लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवेचा कायदा. संप केलात तर तुरुंग. विधिमंडळात गदारोळ झाला आणि काही दिवसांत निर्णय स्थगित करावा लागला. पण त्या काही दिवसांत सरकारच्या मनातलं दोन्ही बाजूंनी उघडं पडलं: पगार मागितला की ही स्वयंसेविका आणि काम थांबवलं की ही अत्यावश्यक. डिसेंबर २०२३पासून जानेवारी २०२४च्या अखेरीपर्यंत याच बायका पन्नास दिवसांच्या आसपास संपावर होत्या. समानतेच्या धोरणावर लिहिणाऱ्या किती जणांनी त्या संपावर चार ओळी लिहिल्या, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासावं.

एप्रिल २०२२मध्ये न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. हे काम अर्धवेळ आहे हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. त्या बायका वर्षानुवर्षं मोर्चात जे ओरडून सांगत होत्या तेच न्यायालयाने कायद्याच्या भाषेत लिहिलं. निवृत्त होताना हातात चार पैसे पडणं हा मेहेरबानीचा विषय नाही, एवढं तरी ठरलं.

आता राजस्थानकडे जाऊ, कारण या विषयातली सगळ्यात बोचरी गोष्ट तिथली आहे. १९८४मध्ये राजस्थानात महिला विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी ‘साथिन’ म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. भटेरी गावच्या भंवरी देवी त्यांतल्या एक. जातीने कुंभार, गावात गुज्जरांचा जोर. १९९२मध्ये बालविवाह थांबवण्याची मोहीम आली आणि भंवरी देवींनी वरून आलेल्या आदेशाप्रमाणे एका लहान मुलीचं लग्न रोखायचा प्रयत्न केला. सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. त्याआधीच स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १३ ऑगस्ट १९९७ला विशाखा निकाल आला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं त्याच निकालातली. २०१३चा कायदा त्यांच्यावरच उभा आहे.

आज पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांत दरवर्षी लैंगिक छळ प्रतिबंधाचं, म्हणजे ‘पॉश’चं, प्रशिक्षण होतं. त्या प्रशिक्षणाच्या पहिल्या-दुसऱ्या स्लाइडवर विशाखाचं नाव असतं. या क्षेत्रातल्या अनेक तज्ज्ञांचं घर त्या प्रशिक्षणांच्या मानधनावर चालतं (इथे मानधन म्हणजे एका दिवसाचे काही हजार). पण भंवरी देवींवर जे गुदरलं ते एका सरकारी समानता कार्यक्रमाचं काम करताना गुदरलं. त्या कार्यक्रमात त्या सगळ्यात खालच्या पायरीवर होत्या. त्यांना पाठवणारे वर होते, आणि त्यांना वाचवायची वेळ आली तेव्हा त्यांचं कामाचं ठिकाण नेमकं कोणतं, मालक कोण, जबाबदारी कोणाची, हे कुणालाच सांगता येईना. २०१३च्या कायद्याने ‘कर्मचारी’ कोण याच्या व्याख्येत मोबदल्याशिवाय किंवा स्वेच्छेने काम करणाऱ्यांनाही धरलं. हा बदल मोठा आहे. पण त्यातून निघणारा साधा प्रश्न सोयीने टाळला जातो. छळापुरती ती कर्मचारी आहे, तर पगारापुरती का नाही?

वरच्या आणि खालच्या पायरीत इतकं अंतर पडल्याने नुकसान सेविकेचं होतंच, धोरणाचंही होतं. ते कसं, ते बीडच्या ऊसतोडीत दिसतं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो, ती ‘कोयत्या’ला देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशोब टनावर आणि जोडीच्या नावाने. उचल हातात घेणारा नवरा, अंगठा किंवा सही त्याची, आणि हंगाम संपताना फिटलं-फिरलं बघणारा मुकादमही त्याच्याशीच बोलणार. बाई पहाटे पालावर चूल पेटवते, पाणी आणते, मग फडात जाते. नवरा तोडतो, ती पाचट सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. रात्री गाडी आली तर रात्री. तिची वेगळी मजुरी कुठल्याच वहीत नसते. एकटीला, म्हणजे विधवेला किंवा टाकलेल्या बाईला, जोडी नसल्यामुळे काम मिळणंच अवघड. आणि पाळीच्या, आजारपणाच्या दिवशी खाडा झाला तर दंड मात्र जोडीच्या हिशोबातून कापला जातो.

२०१९मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. खाजगी डॉक्टर, कॅन्सरची भीती, खाड्याचा दंड, फडावर ना संडास ना आडोसा, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं, सगळी कारणं एकात एक गुंतलेली. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी ती गुंतागुंत उलगडून दाखवली.

या बायकांची कहाणी आशा (गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या) आणि सेविकांना फार आधीपासून ठाऊक असणार, कारण हंगामावरून परतलेल्या बाईच्या घरी पहिली चक्कर त्यांचीच. कोणत्या वस्तीतली कोण दवाखान्यात गेली, कोणाकडून पैसे काढले, घरी आल्यावर किती दिवस पडून होती, हे गावातल्या आशेला नको असलं तरी कळतं. पण तिच्या रजिस्टरात तसा रकानाच नव्हता. तिचं रजिस्टर प्रसूती, लसीकरण, कुटुंबनियोजन यांचं. रकाने वर ठरतात. जिथे ठरतात तिथे तिला खुर्ची नाही, आणि तिचं म्हणणं वर नेणारी पर्यवेक्षिका स्वतः अहवालाच्या तारखांनी बेजार. धोरण आखणाऱ्यांना जे ‘धक्कादायक’ वाटतं ते पुष्कळदा खालच्या पायरीवर जुनं झालेलं असतं.

हीच गत अर्जांची. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजना जुलै २०२४मध्ये सुरू झाली. महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. ती मतांसाठी आणली की बायकांसाठी, हा वाद बाजूला ठेवू. बाईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा पैसे येणं ही छोटी गोष्ट नाही, हे ज्यांच्या खात्यात दरमहा पगार येतो त्यांनी तरी तोऱ्यात नाकारू नये. पण ती लोकांपर्यंत पोचली कोणाच्या हातून? सेविकांच्या. पात्र अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरला आणि शाळेच्या ओट्यावर, देवळात, घराघरांत बसून त्यांनी अर्ज भरले. पुढच्या वर्षी ई-केवायसी आली. तीत लाभार्थी बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. जिला नवरा नाही आणि बापही नाही, ती अडकली. नंतर त्यावर तोड काढली आणि कागदपत्रं पुन्हा सेविकेकडेच द्यायला सांगितलं. मी कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण रकाने ठरवणाऱ्या टेबलाशी एकदा जरी दहा वर्षं काम केलेली सेविका बसली असती तरी तिने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतं, की साहेब, आमच्या वस्तीतल्या रांडमुंड्या बायकांनी कोणाचा आधार द्यायचा? तिचा शब्द कानाला खटकेल, पण मुद्दा चुकला नसता. २०२१मध्ये सेविकांनी सरकारने दिलेले नादुरुस्त मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं, तेव्हा माहिती भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत आहे ही त्यांची एक मोठी तक्रार होती. भरतीत मराठी यायलाच हवं अशी अट घालायची आणि काम इंग्रजी ॲपवर करायला लावायचं, हे ज्या बैठकीत ठरलं तिथे मराठीत काम करणारं कोणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

स्वयंसेवी संस्थांचं बरं चाललंय का, असं कोणी विचारेल. तिथेही माणसावर खर्च करणं हा गुन्हा ठरत चालला आहे. २०२०मध्ये परकीय देणगीचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसऱ्या लहान संस्थेला निधी देणं बंद झालं. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये ही मर्यादा पाच टक्के आहे. कागदावर हे काटकसरीचं दिसतं. व्यवहारात काय होतं? शिलाई मशीन, सायकल, पॅडचं यंत्र यांना निधी मिळतो, कारण त्यांचा फोटो निघतो. बायकांना कायदा समजावून सांगणारी, पोलीस ठाण्यात सोबत जाणारी, सहा महिने त्याच घराचं दार ठोठावणारी ताई मात्र खर्चाच्या बाजूला जाते. मग तिला अकरा महिन्यांचा करार. प्रोजेक्ट संपला की ती संपली, आणि तिने जोडलेली गावंही सुटली. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने आपली परदेशी मदत गोठवली आणि पुढे यूएसएड गुंडाळलंच, तेव्हा जगभर कार्यक्रम एका आठवड्यात थांबले. शहरातल्या तज्ज्ञांना तेव्हा कळलं की आपलीही नोकरी प्रोजेक्टइतकीच आहे. फील्डवरच्या ताईला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की पगार आला की सेवाभाव जातो. हा आक्षेप मला कधीच समजलेला नाही. डॉक्टर पगार घेतो, न्यायाधीश घेतो, समानतेवर परिषदेत शोधनिबंध वाचणारा प्राध्यापक घेतो. त्यांचा भाव जात नाही, फक्त आशेचा जातो? खरं कारण वेगळं आहे. हे काम बायका घरी फुकट करतात, म्हणून बाहेरही ते स्वस्तात मिळायला हवं, असं आपण धरून चालतो. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. पोराला भरवणं, आजाऱ्याजवळ बसणं, शेजारणीला समजावणं यांची किंमत घरात शून्य, म्हणून सरकारी हिशोबात ती शून्याच्या जरा वर. कोविडमध्ये आशांनी घरोघर फिरून सर्वेक्षण केलं तेव्हा केंद्राने त्याचे महिन्याला एक हजार जादा दिले. जून २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांना पुरस्कार दिला. पुरस्काराचं सगळ्यांनी स्वागत केलं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. १४ लाख सेविका, जवळपास तितक्या मदतनीस, दहा लाखांच्या आसपास आशा, शिवाय बचत गटांच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती), शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायका. सगळ्यांना उद्या कायम करा म्हटलं तर कोणताही अर्थमंत्री दचकेल. मीही तसं म्हणत नाही. पण २०१३मध्ये ४५व्या भारतीय श्रम परिषदेने सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसवून शिफारस केली होती की योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्यावं. म्हणजे रक्कम किती यावर वाद असू शकतो, दिशेवर तेव्हाच एकमत झालं होतं. पैसे नाहीत हे ऐकताना जेंडर बजेटकडेही एकदा नजर टाकावी. २००५-०६पासून केंद्र दरवर्षी ते छापतं. त्याच्या ‘पूर्णपणे स्त्रियांसाठी’ या भागात पंतप्रधान आवास योजनेचा ग्रामीण खर्चही मोजला गेला आहे, घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं म्हणून. घराच्या विटा ज्या हिशोबात बाईच्या नावावर चढतात, त्याच हिशोबात घराघरांत फिरणाऱ्या बाईचा पगार बसत नाही, ही तफावत काढून दाखवणं हे खरं जेंडर बजेटचं काम. त्यासाठी तज्ज्ञ लागतातच. इंग्रजी लागतं, आकडेमोड लागते, लेखाशीर्षं वाचता यावी लागतात. तज्ज्ञ नकोत असं मी म्हणत नाही, त्यांनी त्यांची विद्या कुठे लावावी एवढंच म्हणतो.

आणि शिडीचं म्हणाल तर ती थोडी आहेसुद्धा. केंद्राच्या निर्देशाप्रमाणे पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या सेविकांमधून भरायच्या आहेत. पण पदवी हवी, परीक्षा हवी, जागा निघायला हव्यात आणि मुख्य म्हणजे पर्यवेक्षिकेच्या पुढे काय, याला उत्तर नाही. मुक्त विद्यापीठातून पदवी घेण्यासाठी सेविकेला रजा आणि फी देता येईल. सीआरपी म्हणून घालवलेली पाच वर्षं समाजकार्याच्या प्रवेशात गुणांच्या रूपाने धरता येतील. जिल्हा आणि राज्य समित्यांवर ‘अशासकीय सदस्य’ म्हणून नेहमीच्या यशस्वी महिलांऐवजी रजिस्टर भरणाऱ्या दोघी नेमता येतील, प्रवासखर्च आणि त्या दिवसाचा रोज देऊन. ‘जेंडर स्पेशालिस्ट’च्या जाहिरातीत सात वर्षांचा अनुभव मागताना तो गावातल्या मानधनावरच्या कामाचाही चालेल, आणि अहवाल मराठीत लिहिला तर आम्ही भाषांतर करून घेऊ, एवढं लिहिलं तरी रांगेत कोण उभं राहतं ते बदलेल. यातल्या एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही. बऱ्याचशा एका शासन निर्णयात बसतात.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलीने मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं विचारतात तेव्हा प्रशिक्षणाच्या संधींबद्दल बोलू नये. तुमच्या प्रकल्पात फील्डवर किती जणी आहेत, त्यांना महिन्याला किती मिळतं, पीएफ कापता का, बाळंतपणाची रजा भरपगारी आहे का, आणि त्यांच्यातली एखादी गेल्या पाच वर्षांत ऑफिसात आली का, हे विचारावं. टेबलापलीकडचे एकमेकांकडे बघतील. हा आकडा आता आमच्याकडे नाही, असं कोणीतरी म्हणेल. नोकरी कदाचित मिळणार नाही. मिळाली तर रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तो आकडा काढून वार्षिक अहवालात लाभार्थींच्या संख्येच्या वर छापून घ्यावा.